मिठी आणि मुरणारं पाणी

मरोळच्या पुलावरून भर एप्रिलात खाली पाहिलं, तरी मिठी वाहताना दिसते. पाऊस नाही, मग हे पाणी कुठलं?

विहारचं धरण १८६० साली पुरं झालं. मुंबई बेटाची तहान भागवण्यासाठी नदीचं उगमाकडचं पाणी अडलं. पुढे पवईचा तलाव झाला. त्याचं पाणी तर पिण्याच्या कामी फार काळ आलं नाही. तेव्हापासून मिठीला स्वतःचं पाणी मिळतं ते पावसाळ्यात, तलाव ओसंडले की. एरवी वाहतं ते सांडपाणी. नाले होते पावसासाठी. वस्त्यांना मलवाहिन्या मिळाल्या नाहीत, त्यांनी नाल्यांचा आसरा घेतला. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे, इतकंच.

मुंबईच्या पर्जन्यवाहिन्यांचा जुना हिशोब पाहण्यासारखा आहे. ताशी २५ मिलिमीटर पाऊस, समुद्राला ओहोटी, आणि पडलेल्यातला निम्मा पाऊस जमिनीत मुरेल, असं धरलेलं. निम्मा! साष्टीतल्या गावांत तेव्हा भातशेती होती, खाजणं होती. १९८५च्या पुरानंतर पालिकेने नव्याने अभ्यास करवला. १९९३च्या त्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालात ताशी ५० मिलिमीटर पाऊस धरला, आणि तो सगळाच वाहून जाणार असं गृहीत धरलं. शहराची जमीन आता पाणी पिणार नाही, हे अशा रीतीने कागदावर आलं.

मुरणारं पाणी माती गाळून घेते. वाहणारं पाणी मात्र वाटेतलं सारं सोबत नेतं. जूनची पहिली सर घ्या. साकीनाका-कुर्ल्याकडची भंगाराची गोदामं, तेलाची पिंपं धुण्याच्या जागा, गॅरेजं, गोठे, रस्ते; आठ महिन्यांची घाण तासाभरात नदीत, तिथून माहीमच्या खाडीत. आपण म्हणतो, पावसाने हवा स्वच्छ झाली!

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर मिठीसाठी प्राधिकरण आलं, पात्र खोल-रुंद झालं, भिंती उठल्या. पुराचं भय होतं, ते समजण्यासारखं आहे. पण भिंत पाणी अडवते, घाण नाही. नाल्यांतलं सांडपाणी नदीआधीच वळवून शुद्धीकरणाकडे नेण्याची कामं पालिकेने फार उशिरा हाती घेतली.

मराठीत मिठी म्हणजे आलिंगन, आमच्या उर्दूत मीठी म्हणजे गोड. नदीकाठी राहणारा माणूस आज दोन्ही अर्थांनी नाक दाबतो.

मरोळच्या वरच्या अंगाला आरेची जमीन आहे. तिथे पाऊस अजून मुरतो. खाली मात्र झाडांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेले आहेत.