जुना खेळ आणि नवी वाट

पोथी कितीही जुनी झाली तरी डोळ्यांनीं वाचतां येते. संगणकावरील खेळ मात्र यंत्रावांचून मुका राहतो. यंत्राचा कारभार पाहणारी कार्यप्रणाली बदलली कीं कालचा खेळ आज उघडत नाहीं. अशा एका खेळाचा जीव कसा वांचला, हें ऐकण्यासारखें आहे.

अमेरिकेंतील 'इड सॉफ्टवेअर' या संस्थेनें 'डूम' हा खेळ १० डिसेंबर १९९३ रोजीं प्रसिद्ध केला. तो 'डॉस' या प्रणालीसाठीं रचलेला होता. १९९४ सालीं त्याच संस्थेंतील डेव्ह टेलर यांनीं तो 'लिनक्स'वर उतरविला. लिनक्सचा गाभा फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लोकांपुढें ठेवला होता.

पुढें डिसेंबर १९९७ मध्यें जॉन कार्मॅक यांनीं खेळाची मूळ आज्ञावली सर्वांस खुली केली. त्या वेळीं डॉसची आवृत्ति देतां येईना; कारण तिच्यांतील ध्वनीचा भाग दुसऱ्याच्या मालकीचा होता. म्हणून लिनक्सची आवृत्तीच देण्यांत आली. जी आडवाट वाटली होती, तीच राजमार्ग ठरली! १९९९ सालीं या आज्ञावलीस मुक्त परवाना मिळाला आणि अनेक परक्या हातांनीं ती नाना यंत्रांवर नेली. खेळांतील चित्रें व नाद यांवरील हक्क मात्र संस्थेनें आपल्याकडेच राखला.

सारांश, ज्या पोथीची नक्कल करण्यास मोकळीक असते, तीच काळाच्या तडाख्यांतून तरून जाते. कुलुपांत जपलेली पोथी पुष्कळदां कुलुपाबरोबरच गंजते.