खाडीवरची तुळई आणि तापलेला रिव्हेट

ठाण्याहून सुटलेली धीमी लोकल कळवा येण्याआधी खाडी ओलांडते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, हे आपण वर्गात दरवर्षी सांगतो. पुढे कल्याणपर्यंतचा मार्ग १ मे १८५४ रोजी सुरू झाला आणि त्यासाठी ही खाडी ओलांडावी लागली, हे मात्र बहुधा राहून जाते.

जेम्स बर्कले या मुख्य अभियंत्याने येथे दगडी कमानी बांधल्या. पण खाडीतून गलबते जात असत. त्यांच्यासाठी खोल पाण्यावर ८४ फुटांचा गाळा मोकळा ठेवून त्यावर लोखंडी पत्र्यांची, पेटीच्या आकाराची तुळई टाकली. बर्कले हा रॉबर्ट स्टीफन्सनचा शिष्य. गुरूने वेल्समध्ये अशाच पत्र्यांच्या पेट्यांचा ब्रिटानिया पूल १८५० मध्ये पुरा केला होता.

पत्रे एकमेकांना जोडायचे कसे? विजेचे वेल्डिंग तेव्हा नव्हते. बोल्ट आणि भोक यांत थोडी फट राहते; गाडीच्या हादऱ्यांनी पत्रे त्या फटीइतके सरकतात. म्हणून रिव्हेट.

भोक रिव्हेटपेक्षा किंचित मोठे ठेवतात. रिव्हेट भट्टीत लाल करून सांडशीने भोकात घालतात. एकजण डोक्यामागे जड लोखंड दाबून धरतो आणि दुसरा उघड्या टोकावर घण घालून दुसरे डोके घडवतो. मऊ झालेला दांडा ठोकताना फुगतो आणि भोक भरून टाकतो. मग तो निवतो, आणि खरी गंमत येथेच आहे. पत्र्यांची एकूण जाडी ५० मिमी आणि तापमानातील घट ६०० अंश धरली, तर मोकळा दांडा ५० × ६०० × ०.००००१२, म्हणजे ०.३६ मिमी आखडेल. डोकी त्याला आखडू देत नाहीत. म्हणून तो ताणला जातो आणि पत्र्यांना आवळून धरतो. हे गणित नववी-दहावीच्या मुलांना सहज करता येईल. रिव्हेट पुरेसा तापलेला नसेल, तर भोक भरत नाही आणि आवळणेही कमी पडते. बाहेरून डोके मात्र तितकेच गोल दिसते!

रिव्हेट कितीही चांगला बसला तरी त्यासाठी पाडलेल्या भोकांमुळे पत्रा दुबळा होतोच. विल्यम फेअरबेर्नने प्रयोग करून आकडे दिले: अखंड पत्र्याचे बळ १०० धरले, तर रिव्हेटांची एक ओळ असलेल्या सांध्याचे ५६ आणि दोन ओळींच्या सांध्याचे ७०. म्हणजे रिव्हेट किती, यापेक्षा ते कसे मांडले याला महत्त्व.

तपासणीची रीत साधी आहे. डोक्याच्या एका बाजूला बोट ठेवायचे आणि दुसऱ्या बाजूला छोट्या हातोडीने टोला द्यायचा. घट्ट रिव्हेट खणखणतो. सैल रिव्हेटचा आवाज बद्द येतो आणि बोटाखाली थरथर जाणवते. असा रिव्हेट नटासारखा पिळून घट्ट करता येत नाही. निवलेल्या डोक्यावर पुन्हा घण घातला, तर शेजारचे चांगले रिव्हेटही हलतात. छिन्नीने डोके उडवायचे, दांडा ठोकून बाहेर काढायचा आणि भट्टीतून नवा आणायचा.