जुन्नर-आंबेगावची बिऱ्हाडं

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "काका, तुमच्या भागाचा थोडा इतिहास लिहा" असा आपल्या चिटणीसांचा आग्रह होता. आपल्या सोसायटीत जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतली बरीच कुटुंबं आहेत. शिवनेरीवर आणि लेण्यांवर लिहिणारे जाणकार पुष्कळ आहेत. मी बँकेत हयात घालवलेला माणूस, मला नोंदी आणि तारखा तेवढ्या कळतात. म्हणून मी लिहितो आहे तो बिऱ्हाड हलवण्याचा इतिहास. तो कुठल्या गडावर कोरलेला नाही, पण आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे.

घाट उतरून जाणं आपल्याकडे नवं नाही. जुन्नरहून कोकणात उतरणारा नाणेघाट दोन हजार वर्षांपूर्वीचा. तिथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख आहे आणि वाटेवर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. या वाटेनं कल्याणच्या बंदराकडे माल जायचा आणि माणसं परत यायची. माणसं तिकडेच राहायला लागली ती मुंबईत गिरण्या आणि बाजार वाढल्यावर.

याला कारण जमीन. पश्चिमेकडे डोंगर, धो धो पाऊस आणि भाताची छोटी खाचरं. पूर्वेकडे पाऊस कमी आणि बाजरीची कोरडवाहू रानं. दोन्हीकडे दिवाळीनंतर हाताला काम कमी. मग घरातला एक गडी मुंबईला जायचा. कोणी गिरणीत, कोणी भायखळ्याच्या भाजी बाजारात, कोणी डबे पोहोचवायला. मुंबईचे डबेवाले प्रामुख्याने मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातले. हुतात्मा बाबू गेनू हे असेच आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे, मुंबईत गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या ट्रकपुढे त्यांनी प्राण दिला, हे आपण शाळेत शिकलो. पण पोटासाठी गाव सोडून आलेला तो आपल्यासारखाच एक पोरगा होता, हे लक्षात येत नाही.

माझे वडील याच वाटेनं गेले. ओतूरजवळच्या आमच्या गावातून ते भायखळ्याला एका भाजीच्या गाळ्यावर कामाला लागले. त्यांची तयारी एका रात्रीत व्हायची. एक वळकटी, एक पत्र्याची ट्रंक, आठवडाभर टिकतील अशा भाकरी, लसणाची चटणी. राहायला गावकीची खोली. तिथं पंधरा-वीस माणसं पाळीपाळीनं झोपायची आणि भिंतीवर प्रत्येकाची एक खुंटी. वडील सुगीला आणि यात्रेला घरी येत. मनीऑर्डर महिन्याला येई. आई मात्र गावातच राहिली. शेत, दोन म्हशी, आम्ही तीन भावंडं आणि आजी, सगळं तिच्या अंगावर. चौतीस वर्षं नवरा मुंबईत आणि ती मुंबई पाहिली फक्त दोनदा.

पुढे दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे शिक्षण. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, खेड्यापाड्यांत शाखा निघाल्या आणि माझ्यासारखी पदवीधर पोरं १९७३ च्या सुमारास नोकरीला लागली. दुसरी गोष्ट पाणी. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणं झाली. ज्यांच्या रानात कालव्याचं पाणी आलं ती घरं ऊस, कांदा, टोमॅटोवर टिकली. ज्यांची रानं पाण्याखाली गेली ती उठली. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते आंबेगावसुद्धा डिंभ्याच्या पाण्यात गेलं. त्या जलाशयाला आज हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. माझ्या आईचं माहेर त्याच घोड नदीच्या खोऱ्यातलं.

आता मूळ गोष्ट. १९८४ मध्ये मला अधिकारी म्हणून बढती मिळाली आणि बदली मुंबईला झाली. वडील जाऊन पाच वर्षं झाली होती, बहिणींची लग्नं झाली होती. वाशीत भाड्यानं दोन खोल्या मिळाल्या. मुंबईचा कांदा-बटाटा बाजार तेव्हा वाशीला येऊन तीन वर्षं झाली होती, त्यामुळे ओळखीची माणसं होती. रेल्वे मात्र नव्हती, ती पुढे १९९२ मध्ये आली.

वडील एका रात्रीत निघायचे, आम्हाला तीन महिने लागले. कारण आता माणूस नव्हे, संसार निघाला होता. फेब्रुवारीपासून आईनं कामाला सुरुवात केली. जुनी लुगडी काढून चार गोधड्या शिवल्या. कुरडया, पापड, सांडगे झाले. काळा मसाला कांडून बरणीत भरला. बाजरी-गहू निवडून, उन्हं दाखवून पोत्यात भरले. पाटा-वरवंटा न्यायचा ठरलं, जातं राहिलं. नावं घातलेली भांडी कोणती न्यायची यावर आमच्या सौ. आणि आई यांची दोन दिवस चर्चा चालली. आईचं एकच म्हणणं, "पितळंचं न्या गं, तिथं पाहुणं येतील." म्हशी विकल्या. गाय चुलत्यांना अर्धलीनं दिली. रान वाट्यानं लावलं. मुलांची वार्षिक परीक्षा झाली की शाळा सोडल्याचा दाखला काढायचा, एवढंच काम माझ्याकडे. आणि रेशनकार्डाचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या काळी शहरात रेशनकार्ड हवं असेल तर आधी गावच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला लागायचा. कार्डाशिवाय साखर नाही, रॉकेल नाही, गॅसचा नंबर नाही, आणि राहत्या पत्त्याचा पुरावा म्हणूनही तेच चालायचं. मी एक दिवस रजा काढून जुन्नरला गेलो आणि पाचही नावं कमी करून कार्ड रद्द केल्याचा दाखला घेऊन आलो. पाचवं नाव आईचं. ती आमच्याबरोबर येणार हे मी धरूनच चाललो होतो. ती इतक्या उत्साहानं तयारी करत होती की विचारायचं काही आहे असं वाटलंच नाही.

महिना बदलला आणि रॉकेल आणायला तिनं कार्ड मागितलं. मी सांगितलं, "आई, ते रद्द केलं. आता वाशीला नवीन निघेल, सगळ्यांचं एकत्र."

ती गहू निवडत होती. हात थांबला.

"माझंबी नाव काढलं?"

"मग? तू येणार ना आमच्याबरोबर?"

"मला इचारलं व्हतं का?"

मी बरंच बोललो. तिथं दवाखाने आहेत, नातवंडं आहेत, एकटी इथं काय करणार, लोक मला काय म्हणतील. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझा बाप गेला तवा कुनी नाव काढलं नाई. म्हनून तो दर साली घरी येत व्हता. माझं म्हायेर उद्या पान्यात जायचंय. हितलंबी नाव काढलं तर मी कुठली रं?"

डिंभ्याचं काम तेव्हा चालू होतं. तिचा भाऊ नुकसानभरपाईच्या कागदांमागे हिंडत होता. मी बँकेत शेकडो लोकांच्या सह्या-अंगठे घेतले, "समजून केलं ना?" असं प्रत्येकाला विचारलं. स्वतःच्या आईला मात्र विचारलं नाही. त्या रात्री मी जेवलो नाही, ती माझ्याशी बोलली नाही.

पुन्हा जुन्नरला दोन खेपा झाल्या. निघायच्या आठ दिवस आधी तिच्या एकटीच्या नावाचं कार्ड मिळालं. तिनं ते देवळीत वडिलांच्या फोटोमागे ठेवलं आणि लगेच विचारलं, "मसाल्याच्या बरणीला दादरा बांधला का?"

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सामान गेलं ते वाशीला निघालेल्या कांद्याच्या ट्रकमधून, गोण्यांवर. मी ड्रायव्हरशेजारी बसलो. माळशेज घाट रात्री उतरलो. सौ. आणि मुलं दुसऱ्या दिवशी एसटीनं कल्याणला आली. पहिले दोन-तीन महिने आमच्या घरात सगळ्याला कांद्याचा वास होता, गोधड्यांनासुद्धा.

आई पुढे तेरा वर्षं गावातच राहिली. दिवाळीला आणि आजारपणात वाशीला यायची, बरं वाटलं की परत जायची. आम्हीही दर महिन्याला आणि यात्रेला जात राहिलो. खरं सांगायचं तर तिचं नाव तिथं होतं म्हणूनच आमचं जाणं टिकलं. १९९७ मध्ये ती गेली. पुन्हा एकदा नाव कमी करायला मीच गेलो. या वेळी विचारायला कोणी नव्हतं.

तीन वर्षांनी, २००० साली आपली सोसायटी नोंदली गेली. पन्नास रुपयांच्या दहा शेअर्सचा दाखला माझ्या हातात आला, तेव्हा त्यावरचं स्वतःचं नाव मी बराच वेळ पाहत बसलो होतो. आता आम्ही इथले, असं त्या दिवशी प्रथम वाटलं. आणि आईचं म्हणणं काय होतं तेही त्या दिवशीच नीट कळलं.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण आहे. आपल्याकडे पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली आहे. ती होईल न होईल, पण झाली तर आपल्याला दोन-तीन वर्षं दुसरीकडे बिऱ्हाड हलवावं लागेल. सभेत चटई क्षेत्र, भाडं, कॉर्पस फंड यांवर बोलणं होतं आणि ते व्हायलाच हवं. माझी तरुण सभासदांना एक विनंती आहे. संमतीपत्रावर सही करण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवून विचारा, त्यांचं नाव शेअर सर्टिफिकेटवर असो वा नसो. ती पापड लाटतील, गोधड्या बांधतील, तुमच्याआधी तयारीला लागतील. तयारी केली म्हणजे होकार दिला असं समजू नका.

आईनं शिवलेल्या चार गोधड्यांपैकी एक अजून आमच्याकडे आहे. पुढच्या वेळी सामान निघालं तर ती मी माझ्या हातानं बांधणार आहे.