शाळेजवळचं घर

मागच्या महिन्यात पुतण्या घरी आला. चळवळीतला पोरगा. जयंतीच्या मिरवणुकीत कमी आणि अभ्यासवर्गात जास्त दिसणारा. म्हणाला, "काका, वस्ती सोडू का? जुळे सोलापूरला खोली बघतोय. पोरीला तिकडची शाळा मिळंल." एवढं बोलला आणि मान खाली घातली. वस्ती सोडली म्हणजे चळवळ सोडली, असं कुणीतरी त्याला सुनावलं होतं.

म्हणून हे लिहायला बसलो. मित्रांनो, हा प्रश्न त्याच्यापाशी पहिल्यांदा आलेला नाही. शाळा बघून घर करावं की घर बघून शाळा, हे कोडं आपल्या माणसांनी शंभर-सव्वाशे वर्षं सोडवलंय. बाबासाहेबांचं चरित्र आपण पाठ करतो, तारखा सांगतो. त्यातले पत्ते मात्र वाचत नाही.

वाचा जरा. सुभेदार रामजी महूच्या लष्करी शाळेत हेडमास्तर होते. पलटणीतून निवृत्त झाले, पन्नास रुपये पेन्शन घेऊन कोकणात दापोलीला आले. तिथं आपल्या पेन्शनरांची वस्ती होती, जातभाई होते, जुनी ओळख होती. राहायला याहून बरी जागा कुठली? पण दापोलीच्या नगरपालिकेच्या शाळेचं दार अस्पृश्यांच्या पोरांना बंद होतं. दुसऱ्या एखाद्या बापानं म्हटलं असतं, राहू द्या, पलटणीची पोरं पलटणीत जातील. रामजी उठले. साताऱ्याला नोकरी धरली. तिथल्या सरकारी हायस्कुलात भीमाचं नाव दाखल झालं ७ नोव्हेंबर १९०० ला. बसायला घरचं गोणपाट, तेही बाजूला. शिपाई आला तर पाणी, नाही आला तर तहान. शाळा मिळाली ती अशी.

१९०४ च्या सुमाराला हे कुटुंब मुंबईला लोअर परळच्या डबक चाळीत आलं. खोली एकच. त्यातच चूल, त्यातच सरपण, जातं आणि शेळी. पोराला झोपायला जागा नाही म्हणून रामजी रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग भीमाला अभ्यासाला उठवायचे आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे व्हायचे. सगळे ही गोष्ट कष्टाची म्हणून सांगतात. मला ती हिशेबाची वाटते. दापोलीला याच पेन्शनीत ऐसपैस राहता आलं असतं. रामजींनी घर लहान केलं आणि शाळा मोठी घेतली. एल्फिन्स्टन हायस्कूल ही इलाख्यातली नावाजलेली सरकारी शाळा. पुस्तकांना पैसे कमी पडले की लेकींचे दागिने गहाण पडायचे.

आणि त्या नावाजलेल्या शाळेत काय झालं? मास्तरांनी भीमाला फळ्याजवळ बोलावलं तर पोरं धावली, फळ्यामागे ठेवलेले डबे उचलायला. विटाळ होईल म्हणून! 'चांगली शाळा' हा शब्द तोंडात घेताना हे डबे आठवत जा. चांगली म्हणजे कुणासाठी चांगली, हे विचारल्याशिवाय पुढं जाऊ नये.

तरी मुंबईनं एक दिलं. चर्नी रोडच्या बागेत हा पोरगा वाचत बसायचा, तिथं कृष्णाजी अर्जुन केळुसकर भेटले. ते हायस्कूलचे शिक्षक. त्यांनी पुस्तकं दिली, पुढं बडोद्याच्या महाराजांपर्यंत शब्द टाकला. दापोलीत अशी बाग नव्हती. गावाची किंमत करताना नुसती शाळेची इमारत बघून भागत नाही. संध्याकाळी पोरगं कुठं बसतं आणि कोण त्याला विचारतं, हेही धरावं लागतं.

आता आपल्या मुलखाकडं या. धारवाड सोलापूरपासून फार लांब नाही. १८५६ साली तिथल्या सरकारी शाळेत प्रवेशासाठी एका महार मुलानं अर्ज केला. सरकारनं काय म्हणावं? एकासाठी बाकीच्या सगळ्यांना शाळा निरुपयोगी करता येणार नाही. दोन वर्षांनी, १८५८ साली, सरकारी खर्चाच्या शाळा सर्वांना खुल्या असल्याचं जाहीर झालं. १९२३ मध्ये सी. के. बोल्यांचा ठराव कौन्सिलात पास झाला, त्यातही शाळा होत्या. कागद सगळे आपल्या बाजूनं. पण हायस्कूल शहरात आणि आपला महारवाडा खेड्यात. मधलं अंतर कागदानं कापलं जात नाही.

बाबासाहेबांनी हे अंतरच आधी धरलं. बहिष्कृत हितकारिणी सभा २० जुलै १९२४ ला निघाली आणि सहा महिन्यांच्या आत, ४ जानेवारी १९२५ ला, सभेनं वसतिगृह काढलं ते आपल्या सोलापुरात. हायस्कुलात शिकणाऱ्या पोरांसाठी. जेवण, कपडे, वह्या-पुस्तकं सभेची. व्यवस्था जिवाप्पा ऐदाळे बघायचे, तेच पुढं १९३७ ला स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून गेले. तिथल्या पोरांनी 'सरस्वती विलास' नावाचं मासिक चालवलं. आपली ही स्टेन्सिलची पानं कुणाची नातवंडं आहेत, ते कळलं ना?

रामजींना एका पोरासाठी सगळा संसार हलवावा लागला. त्यांच्यापाशी पेन्शन होती, इंग्रजी होतं. येसकराची पाळी करणाऱ्या बापापाशी काय होतं? त्यानं गाव सोडायचं तर भाकरी सुटणार, झोपडी सुटणार. बोर्डिंगनं त्याला सांगितलं, तू राहा, पोरगं पाठव. शाळेजवळचं घर समाजानं मिळून बांधायचं. मला तर महाडच्या तळ्याइतकीच ही गोष्ट मोठी वाटते. पुढं १९५० ला औरंगाबादला कॉलेज काढलं तेव्हाही तीच रीत. मराठवाड्याच्या पोरांनी मुंबईला येईपर्यंत वाट बघायची नाही, कॉलेजच तिकडं न्यायचं.

याच सोलापुरात उलटा पत्ताही होता. सेटलमेंट. गुन्हेगार जमाती कायद्याखाली माणसं तारेच्या कुंपणात, दिवसातून हजेरी, काम गिरणीत. त्यांच्या पोरांना शाळा होती, पण घर कुठं करायचं हे सरकार ठरवायचं. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. पत्त्यात 'सेटलमेंट' अजून आहे. नोकरीच्या अर्जावर तो शब्द लिहिताना पोरांचा हात अडखळतो.

आता घरचं सांगतो. आमचं गाव अक्कलकोट तालुक्यात. शाळा चौथीपर्यंत. ५६ च्या धर्मांतरानंतर आमच्या लोकांनी मेलेलं ढोर ओढणं सोडलं, ५८ च्या कायद्यानं वतन गेलं, आणि गावानं भाकरी बंद केली. ६२ साली मी चौथी पास झालो तसा बाप सोलापूरला गिरणीत बदली कामगार म्हणून लागला. दोन खोल्या बघितल्या. एक गिरणीजवळ, स्वस्त, नळ दारात. दुसरी हायस्कूलजवळच्या झोपडपट्टीत, भाडं जास्त, पाणी लांब. आई म्हणाली, "पाणी कोण आणणार? मी विड्या वळू का घागरी वाहू?" बाप म्हणाला, "शाळंला किती पावलं हाय ते मोजलंय मी." घागरी आईनंच वाहिल्या. आठ वर्षं. रामजींची रात्र चरित्रात आली, आईची घागर कुठंच आली नाही, म्हणून इथं लिहितोय.

आणि शाळेत पहिल्या दिवशी मास्तरांनी नाव विचारलं, मग "राहतोस कुठं?" वस्तीचं नाव सांगितलं. जात विचारायची गरजच पडली नाही. शेवटचा बाक दाखवला. बापानं पावलं मोजली होती, हे अंतर त्याला मोजता येणार नव्हतं. तरी मी म्हणतो त्याचा हिशेब बरोबर होता. गावात राहिलो असतो तर शेवटचा बाकही नव्हता.

आज पत्त्याचा खेळ कायद्यातच शिरलाय. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं खासगी शाळेत पंचवीस टक्के जागा ठेवल्या. पण पोरगं शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहतं की तीनच्या, यावर नंबर लागतो. चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या शाळा जिथं आहेत, तिथं आपल्याला खोली कोण देतो? २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारनं आणखी एक पाचर मारली: एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर त्या खासगी शाळेला ही जागा देण्यातून सूट. मुंबई हायकोर्टानं जुलै २०२४ मध्ये ते रद्द केलं, हे बरं झालं. पण डाव काय होता तो ओळखून ठेवा.

पुतण्याला जुळे सोलापुरात तीन ठिकाणी खोली दाखवली, आडनाव ऐकलं आणि तिन्ही ठिकाणी "पाहुणे येणार आहेत" झालं. चौथ्यानं दिली. भाडं पगाराच्या तिसऱ्या हिश्शाइतकं. मी त्याला म्हटलं, जा. रामजी गेले, तुझा आजा आला, तू कशाला लाजतोस? पण एक विचारलं. तू पोरीला काढलीस की वस्तीतल्या महापालिकेच्या शाळेत शिकलेला, दाद मागणारा असा एक बाप कमी होणार. तुझ्यासारखे दहा आधीच गेलेत. पट घसरला की शाळा बंद करायला कुणाला निमित्त लागत नाही. ज्याला चौथी खोली मिळणार नाही, त्याच्या पोरानं कुठं जायचं?

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बोर्डिंगसारखं काही करता येईल का, काका? निदान अभ्यासाला जागा? विहाराची वरची खोली मोकळीच असती." रविवारी आम्ही दोघं ती बघायला गेलो. पत्रे गळतात, लाईटचं बिल थकलंय. किल्ली सध्या माझ्याकडं आहे.