हुरड्याचे आस्वादन आणि गुणांकन

ज्वारीचा दाणा चिकाची अवस्था ओलांडून पिठाळ होऊ लागतो, परंतु कठीण झालेला नसतो, त्या वेळी कणीस भाजून जो दाणा काढतात त्यास हुरडा म्हणावे. त्याचे गुण इंद्रियांनी क्रमाने ओळखणे हे आस्वादन आणि ओळखलेल्या गुणांना संख्या देणे हे गुणांकन. पहिल्यावाचून दुसरे निराधार असते.

प्रथम काळाचा विचार करणे आवश्यक आहे. फुलोऱ्यानंतर साधारण तीन ते चार आठवड्यांनी ज्वारी 'हुरड्यात येते'. दाण्यातील शर्करेचे पिष्टात रूपांतर चालू असते. म्हणून विलंब झाल्यास गोडी घटते आणि दाणा चिवट होतो. एका वाणाचे कणीस कोवळे व दुसऱ्याचे निबर घेऊन तुलना केली, तर मिळणारा अंक वाणाचा नसून वयाचा असतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा 'परभणी वसंत' आणि गावरान गूळभेंडी यांची परीक्षा करताना पेरणीची नव्हे, फुलोऱ्याची तारीख जुळवावी.

काळ समान झाल्यावर गुणांचे दोन वर्ग करता येतात : निज आणि आगंतुक. गोडी, मार्दव व रसाळपणा हे दाण्याचे निजगुण. धुराचा वास व करपटपणा हे आगटीचे, म्हणून आगंतुक. ओकच्या पिंपात मुरवलेल्या पेल एल या बिअरमध्येही हाच भेद दिसतो : तिचा व्हॅनिलासारखा गंध लाकडातून येतो, धान्यातून नव्हे. आगंतुक गुण हा दोष नव्हे. गोवरीच्या धगीवाचून हुरडा हुरडा होत नाही, असेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र गोवऱ्या धुमसत असताना खुपसलेले कणीस आणि निखारे पडल्यावर भाजलेले कणीस एकाच वाणाचे असूनही भिन्न लागतात; म्हणून दोन्ही वर्गांचे अंक वेगळे लिहावेत.

निजगुणांत एक गुण जिभेचा नसून हाताचा आहे. गरम कणीस तळहातांत चोळल्यावर दाणा तुसापासून किती सहज सुटतो, हे पाहिलेच पाहिजे. तूस घट्ट धरून ठेवणारा वाण गोड असला तरी घशाला टोचतो. भाकरीसाठी नावाजलेल्या मालदांडीचा मान येथे आपोआप टिकत नाही : भाकरी पक्व, वाळलेल्या दाण्याची परीक्षा घेते, हुरडा अपक्व दाण्याची.

अंकासाठी पेरियम व पिल्ग्रिम यांनी 1957 साली विवेचिलेली नऊ अंकांची श्रेणी वापरता येते : 1 म्हणजे अत्यंत नावड, 5 म्हणजे तटस्थता, 9 म्हणजे अत्यंत आवड. ती आवडीचे प्रमाण सांगते, कारण सांगत नाही. म्हणून एकूण आवडीशेजारी गोडी, मार्दव, तूस व धूर यांची स्वतंत्र नोंद हवी. नमुन्यांची नावे झाकून त्यांना सांकेतिक अंक द्यावेत, दोन नमुन्यांमध्ये पाणी प्यावे. तीळ-लसणाची चटणी, गूळ, दही हे सारे परीक्षा संपल्यावर घ्यावे. तिखटानंतर लगेच घेतलेल्या घासात सूक्ष्म गोडी हरवते.

शेवटची अट तापमानाची. हुरडा निवला की दाणा आखडतो आणि मार्दवाचा अंक खाली येतो. नमुने दूर नेऊन ताटांत मांडण्यापेक्षा परीक्षकांनाच आगटीभोवती बसवावे.