खणांचें घर आणि खुर्ची

घराचें माप चौरस फुटांत सांगण्याची रीत आतां इतकी अंगवळणी पडली आहे कीं, आपल्या पणजोबांच्या तोंडीं हें माप नव्हतें असें सांगितल्यास पुष्कळांस नवल वाटेल. जुना पुणेकर "माजघर तीन खणांचें, दिवाणखाना सात खणी" असें म्हणे. खण म्हणजे दोन खांबांमधलें, किंवा भिंतींवर टेकलेल्या दोन तुळयांमधलें, अंतर. एका माणसास पाय पसरून निजतां यावें इतकें, फार तर त्याहून थोडें अधिक. हा एवढा शब्द नीट उकलून पाहिला तर जुन्या वाड्यांतल्या खोल्या लांबच लांब आणि अरुंद कां, आणि त्यांत आपलें आजचें सामान मांडतांना जीव मेटाकुटीस कां येतो, या दोन्ही प्रश्नांचा उलगडा होतो.

कारण साधें आहे. खोलीची लांबी हवी तितकी वाढवितां येई. आणखी एक खांब, आणखी एक तुळई, कीं एक खण वाढला. रुंदी मात्र तुळईच्या हातीं. ती एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पोहोंचली पाहिजे, आणि वरचा कडीपाट, त्यावर पसरलेली माती व तिच्यावर वावरणारीं माणसें यांचा भार तिनें न वांकतां सोसला पाहिजे. असें लांकूड ज्याला त्याला कोठून मिळणार? शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला, तेव्हां सागवान जुन्नरच्या रानांतून आणविलें. पण ती पेशव्यांची गोष्ट. भिक्षुक, कारकून, लहान सावकार यांनीं मिळेल त्या लांकडाच्या लांबीइतकें रुंद व्हावें, हेंच त्यांच्या नशिबीं. मोठ्यांचीहि यांतून पुरती सुटका नव्हती. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यांतले सुरूच्या झाडासारखे घडविलेले खांब आपण शोभेचे म्हणून पाहतों. परंतु रुंदी वाढविण्यासाठीं मध्यें खांबांच्या ओळी उभ्या केल्या म्हणजे एक रुंद खोली होत नाहीं, लांबट पट्टेच एकमेकांस लागून बसतात. त्यांत चौकाची भर पडली. उजेड आणि वारा चौकांतून यावयाचा, म्हणून चौकाच्या चारी अंगांस एकेक खोलीच्याच जाडीचे सोपे. पेठेंतल्या जागाहि रस्त्यावर तोंड लहान आणि मागें खोल अशा असत. तेव्हां घर लांबट होणें हा कोणाच्या आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता.

आतां अशा जागेंत सामान कसें मांडीत? आमचें उत्तर असें कीं, मांडीतच नसत. जमीन मोकळी ठेवावयाची आणि बाकी सारें भिंतीच्या पोटांत किंवा डोक्यावर न्यावयाचें, ही त्या घराची युक्ति. भिंती दगडमातीच्या आणि भेंड्यांच्या, चांगल्या हात-दीड हात जाडीच्या. त्या जाडींत कोनाडे निघत, दिवळ्या निघत, फडताळें निघत. कित्येक वाड्यांत जिनाहि भिंतींतूनच वर चढे. दिवा दिवळींत, पोथी कोनाड्यांत, दुभतें फडताळांत, पागोटें खुंटीवर. सोवळें उंच दांडीवर, काठीनें घालावयाचें आणि काठीनेंच काढावयाचें. लोणीं-तूप मांजराच्या भयानें शिंक्यावर. डबे-मडक्यांची उतरंड कोपऱ्यांत उभी. तिनें वर चढावें, पसरूं नये. संस्कृतांत कपाट म्हणजे दाराची फळी, आणि मराठींत कपाट म्हणजे वस्तु ठेवण्याची जागा. हा अर्थबदल आम्हांस निव्वळ योगायोगाचा वाटत नाहीं, कारण जुन्या घरांतलें कपाट म्हणजे भिंतींतल्या पोकळीस लावलेलें दारच होय. झोपाळा तेवढा जागा खाणारा. पण तोहि तुळईच्या कड्यांवर टांगलेला, नको तेव्हां काढून ठेवतां येणारा. अंथरूण सकाळीं गुंडाळलें कीं निजावयाची खोली बसावयाची झाली.

अरुंदपणाचा उपयोगहि करून घेत. दोन भिंतींस दोन ओळी आणि मध्यें एक वाट, ही मांडणी लांबट खोलींत आपोआप बसते, आणि आपली पंगत म्हणजे दुसरें काय आहे? पाट दोन्ही भिंतींशीं, वाढप्यास चालावयास मधली पट्टी. खोली याहून रुंद असती तर वाढप्याची नुसती पायपीट झाली असती. बैठकीचेंहि तेंच. वरच्या टोकास गादी, लोड, तक्के. तेथून खालीं दोन्ही अंगांस मानाप्रमाणें माणसें. कोण कोणाच्या वर बसला हें दारांतून आंत पाऊल टाकतांच कळे. १७९० सालच्या तहाच्या वेळचा पुण्याचा दरबार टॉमस डॅनियलनें पुढें चित्रांत रंगविला. त्यांत पेशवे, सरदार आणि मॅलेटसाहेबांची मंडळीहि बैठकीवरच बसलेलीं दिसतात. ज्या राष्ट्राच्या लोकांस मांडी घालण्याचा सराव नाहीं त्यांनींहि त्या दिवाणखान्यांत दिवाणखान्याच्या रीतीनें बसावें लागलें, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, जुनें तें सोनें असेंच तुमचें म्हणणें ना? तसें नाहीं. या मांडणीची किंमत कोणी भरली हें पाहिल्याशिवाय तिचें कौतुक करणें आम्हांस अप्रशस्त वाटतें. लांबट घराचीं दोन टोकें उजेडांत असतात, मधला भाग काळोखांत. उजेडाचें पुढचें टोक पुरुषांच्या बैठकीस. मधला काळोख म्हणजे माजघर, बायकांचें. तेथेंच बाळंतीण, तेथेंच आजारी, तेथेंच दळण-कांडण, आणि पलीकडे चुलीचा धूर. दिवाणखान्यांत हवा खेळती राहावी म्हणून माजघराची हवा कोंडलेली राही. रमाबाई रानडे यांच्या १९१० सालीं निघालेल्या आठवणी ज्यांनीं वाचल्या आहेत त्यांस घरांतल्या वडील बायकांचा त्यांच्या शिकण्यावरचा राग आठवत असेल. तो राग आम्हांस केवळ जुन्या मतांचा वाटत नाहीं. माजघरांतून उठून एकटीनें उजेडाकडे जावें, हें मागें राहिलेल्यांस सहजीं सोसण्यासारखें नसतें. १८९७ च्या प्लेगांत सोजिरांनीं घरें धुंडाळलीं तेव्हां लोक जे खवळले तें योग्यच होतें; तथापि अंधाऱ्या, कोंदट खोल्या रोगास पोषक असतात ही गोष्ट त्यामुळें खोटी ठरत नाहीं.

मग खुर्ची आली. १८१८ नंतर राज्य बदललें, तरी खोल्या त्याच राहिल्या. १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा भरूं लागली. जमिनीस खिळलेलें कांहीं नसलें म्हणजे विलासाच्या वाड्याची शाळा करावयास फार खटपट पडत नाहीं. खुर्ची-टेबलांचें तसें नव्हे. खुर्ची गुंडाळतां येत नाहीं, खुंटीवर जात नाहीं. ती भिंतीशीं ठेवली तरी बसणाऱ्याचे पाय पुढें येतात, आणि समोर दुसरी ठेवली कीं मधली वाट संपली. टेबल तर वाटेंतच बसतें. साहेबाच्या चौकोनी बंगल्यासाठीं घडलेलें हें सामान सात खणांच्या सोप्यांत आणून आम्ही सुशिक्षितांनीं घराची चाल बिघडविली, आणि दोष मात्र घरास दिला.

पुढचा इतिहास थोडक्यांत सांगतां येतो. कुटुंबें विभागलीं, सोप्यांत फळ्यांच्या भिंती घालून बिऱ्हाडें झालीं. एकामागें एक तीन खोल्या, बाहेरची, मधली आणि स्वयंपाकाची. १९४७ च्या कायद्यानें भाडीं गोठलीं, तेव्हां मालकास डागडुजी परवडेना आणि भाडेकऱ्यास जागा सोडवेना. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें पाणी नदीकांठच्या पेठांत शिरलें आणि मातीच्या भिंती बसल्या. उरलेल्यांतले बहुतेक वाडे इमारतींसाठीं पाडले गेले. त्या घरांचे दिवे, अडकित्ते, कोरीव दारें पाहावयाचीं असतील तर दिनकर केळकरांनीं जन्मभर जमवून १९७५ सालीं सरकारच्या स्वाधीन केलेल्या संग्रहांत पाहावींत. भिंत मात्र संग्रहालयांत नेतां येत नाहीं, आणि त्या घराचें खरें सामान तीच होती.

ज्यांच्याकडे अशी एखादी लांबट खोली अजून आहे त्यांनीं ती रुंद दिसावी म्हणून धडपडूं नये. कोनाडे लिंपून त्यांपुढें लोखंडी कपाट उभें करणें म्हणजे हातची हातभर जागा दोनदां गमावणें. बसणें एकाच भिंतीशीं, बुटकें आणि सलग असावें. समोरची भिंत पुस्तकांस द्यावी, आणि मधल्या वाटेंत कांहीं ठेवूं नये. परंतु हातीं थोडे पैसे असतील तर ते बाहेरच्या खोलीच्या शोभेवर खर्च करण्याआधीं मधल्या खोलीवर करावे. वर कौलें असतील तर दोन कौलें कांचेचीं बसवावीं; मजला असेल तर चौकाच्या बाजूस खिडकी पाडावी, आणि तिच्याखालीं कोणाची बैठक असावी हें घरांतल्या बायकांस विचारून ठरवावें.