एका नावाखाली दडलेल्या 126 जाती

गोड्या मसाल्यातलं दगडफूल सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ते एक लायकेन. म्हणजे बुरशी आणि तिच्यासाठी अन्न बनवणारं शैवाल यांचा एकत्र संसार. 'कोरा' हे जीनससुद्धा असंच पानासारखं पसरणारं, पण मुख्यतः मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. अँडीजमधली ढगांत बुडालेली जंगलं आणि त्यांच्याही वरची, 'पारामो' म्हणतात ती ओली गवताळ माळरानं, ही त्याची घरं. तिथे माती, शेवाळ आणि बारीक फांद्यांवर ते राखाडी-हिरवट पंख्यांसारखं वाढतं.

कोरा हे नाव स्वीडनच्या एलियास फ्रीस यांनी 1825 मध्ये दिलं. 1881 मध्ये इटलीच्या ओरेस्ते मात्तिरोलो यांनी दाखवलं की यातली बुरशी अळंबीच्या गटातली आहे. बहुतेक लायकेनमधली बुरशी तशी नसते, त्यामुळे कोरा पुस्तकांत आलं ते अपवाद म्हणून. पुढे 1978 मध्ये एरास्ट पार्मास्तो यांनी त्याला डिक्टिओनेमा या जीनसमध्ये घातलं. मग कुठेही पंखा दिसला की लेबल एकच: डिक्टिओनेमा ग्लाब्राटम.

असं का झालं? ताज्या नमुन्यांत रंग, कडा, पृष्ठभाग वेगळे दिसतात. वाळवून पाकिटात घातले की हे फरक बरेचसे पुसले जातात, आणि अभ्यास व्हायचा तो पाकिटांवर. जोडीदाराचंही तेच. कोरामधल्या नीलहरित जिवाणूला वर्षानुवर्षं सायटोनेमा म्हटलं गेलं. डीएनए पाहिल्यावर तो रायझोनेमा निघाला.

2014 मध्ये रॉबर्ट ल्युकिंग, मानुएला दाल फोर्नो आणि सहकाऱ्यांनी 356 नमुन्यांचा आयटीएस हा डीएनएचा तुकडा तपासला. त्या एका 'जाती'त 126 जाती निघाल्या, आणि एकूण 452 असाव्यात असा अंदाज त्यांनी मांडला. 2017 मध्ये एकाच शोधनिबंधात 70 नव्या जातींना नावं मिळाली.

हा नुसता नावांचा खेळ नाही. सगळीकडे आढळणाऱ्या एका जातीची काळजी कोण करतो? तीच जर शेकडो जातींत वाटलेली असेल, तर एखादा डोंगर उजाड झाल्यावर अख्खी जात जाऊ शकते. फ्लोरिडातलं कोरा तिमुकुआ 2020 मध्ये हर्बेरियममधल्या जुन्या नमुन्यांवरून नवी जात ठरलं, तेव्हा ते नामशेष झालं असण्याची भीती होती.

म्हणून विषय शोधताना 'सर्वत्र आढळते' असं लिहिलेली जात दिसली, तर थांबून बघा: हे कोणी, कधी आणि किती नमुन्यांवरून ठरवलं? पीएचडीचा प्रश्न कधीकधी तिथेच असतो.